पळसुले साहेबांचं कुलूप

विम्याच्या जाहिरातीतला तो हसरा म्हातारा टीव्हीवर आला की मी टीव्ही बंद करते. घरात आता कोणी विचारत नाही. नवरा फक्त म्हणतो, "झालं, हिची सटकली." सटकते! का सटकू नये? दिल्लीत सरकारी नोकरीत माझी वीस वर्षं गेली. खोटी बिलं, खोटे दाखले, खोटी आजारपणं, सगळं बिनबोभाट पास होताना मी पाहिलंय. आणि एका माणसाला खरं लिहिलं म्हणून कसं रडकुंडीला आणलं, तेही मीच शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलंय. त्या माणसाचं नाव पळसुले.

पळसुले साहेब आमच्या सेक्शनचे ऑफिसर. मी अकोल्याहून नवी नवी आले होते, मुनिरक्यात एका खिडकी नसलेल्या खोलीत राहत होते, आणि साहेब मराठी आहेत कळल्यावर मला अर्धं घर सापडल्यासारखं झालं होतं. पहिल्या दिवशी भेटायला गेले तर साहेब जागेवर नाहीत. स्टोअरमध्ये सापडले. एका नव्या खुर्चीवर बसले होते. उठले, शेजारच्या खुर्चीवर बसले. मागे रेलले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, उठले, पुढच्या खुर्चीवर. मला वाटलं, साहेबांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय की काय! चाळीस खुर्च्या आल्या होत्या आणि "चांगल्या स्थितीत मिळाल्या" असं लिहून सही करायची होती. सगळं ऑफिस ती सही चहा पिता पिता करतं. साहेब चाळीसही खुर्च्यांवर बसले आणि मग फायलीत लिहिलं, "अडतीस ठीक. दोन डगमगतात. स्वतः बसून पाहिले."

कंत्राटदार हात जोडून म्हणाला, "साहबजी, दो कुर्सी के लिए पूरा बिल रुक जाएगा." साहेब म्हणाले, "तो दो कुर्सी ठीक कर दो." झालं. यावर त्यांचं दुसरं काही म्हणणं नसायचं.

बुटका, सावळा माणूस. नोव्हेंबर उजाडला की काकूंनी विणलेला राखाडी अर्धा स्वेटर अंगावर चढायचा तो होळीपर्यंत उतरत नसे. त्यांना वेळ विचारली तर नुसतं "साडेचार" म्हणायचे नाहीत, "माझ्या घड्याळात साडेचार" म्हणायचे. बाहेर पाऊस पडतोय का असं विचारलं तर उठून खिडकीपर्यंत जायचे, हात बाहेर काढायचे आणि मग सांगायचे. आर. के. पुरमच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये मी रविवारी जेवायला जायची. एकदा काकूंनी विचारलं, "भेंडी कोवळी आहे ना हो?" तर म्हणाले, "सहा मोडून पाहिल्या. बाकीच्यांचं सांगता येत नाही." काकूंनी कपाळावर हात मारला आणि मला म्हणाल्या, "वैशाली, या माणसाने लग्नात सप्तपदीसुद्धा मोजली असेल बघ." ते शांतपणे म्हणाले, "मोजली होती. सातच होती."

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. सोबत राहणाऱ्याला ते नेहमीच गमतीचं वाटत नसे. एका जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला निघाली होती. बाहेर धुकं, बसमध्ये चिवड्याचे डबे फिरतायत, आणि मंडळाचे एक वक्ते माईक धरून उभे. सांगता सांगता रंगले आणि म्हणाले की अमुक सरदार पडताना अमुक वाक्य बोलले. सगळ्यांचे डोळे पाणावले. साहेबांनी हात वर केला. "ते वाक्य ऐकलं कोणी? म्हणजे तुम्हीच म्हणालात की शेजारी कोणी जिवंत उरलं नव्हतं." वक्त्यांनी माईक खाली ठेवला. परतीच्या वाटेवर चिवड्याचा डबा आमच्या सीटपर्यंत आलाच नाही. मी चिडले, "काय गरज होती, साहेब?" तर म्हणाले, "अगं, मला खरंच जाणून घ्यायचं होतं." स्मारकापाशी मात्र हा माणूस चप्पल काढून थंडगार फरशीवर कितीतरी वेळ हात जोडून उभा होता. तेही मीच पाहिलंय.

निवृत्तीनंतर साहेब दिल्लीतल्याच द्वारका भागात एका सोसायटीत राहायला गेले. मुलगी बंगळुरूला. आता मी त्यांना काका म्हणायला लागले होते. दोन-तीन वर्षं बरी गेली आणि मग निर्मलाकाकूंच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार तास पलंगावर पडून राहायचं आणि मग उसाच्या चिपाडासारखं होऊन घरी यायचं. रिक्षावाले एवढ्या जवळ यायला नाही म्हणायचे, टॅक्सीवाले ऐनवेळी राईड कॅन्सल करायचे. म्हणून काकांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, जुनी, पांढरी, पेट्रोलची. छावणीतले एक सुभेदार मोहिते रिटायर होऊन साताऱ्याकडच्या आपल्या गावी चालले होते, त्यांच्याकडून. पुढची सीट मागे पाडली की काकू आडव्या होऊन घरी यायच्या. "माझी पालखी" म्हणायच्या त्या तिला.

सुभेदारांनी त्या गाडीत गिअर लॉक बसवून घेतलं होतं. गिअरच्या दांड्याला जखडून टाकणारं जाड लोखंडी कुलूप, मान्यताप्राप्त कंपनीचं. असं उपकरण गाडीत असलं की विम्याच्या हप्त्यात थोडी सूट मिळते. किती? दोन माणसांच्या छोले-भटुऱ्यांचे पैसे. गाडी काकांच्या नावावर झाली, पॉलिसीही झाली, सूट तशीच पुढे चालू राहिली. काका रोज ते कुलूप लावायचे, तीनदा ओढून पाहायचे, आणि मग दार लावून दारही ओढून पाहायचे.

आणि गाडी गेली. भर दिवसा, हॉस्पिटलमागच्या रस्त्यावरून, काकू मशीनला लावलेल्या असताना आणि काका त्यांच्या पायाशी स्टुलावर बसलेले असताना. बाहेर आले तर जागा रिकामी. पोलिसांत तक्रार झाली, आणि काही महिन्यांनी "गाडी सापडत नाही" असा कागदही मिळाला. इथवर दिल्लीत नवल ते काय! गाड्या जातात, लोक विम्याचा फॉर्म भरतात, दुसरी गाडी येते.

त्या फॉर्मवर एक प्रश्न होता. चोरीच्या वेळी सुरक्षा उपकरण लावलेले होते का? समोर दोन चौकोन, हो आणि नाही. जगातला कुठलाही माणूस 'हो'वर खूण करून पुढे जाईल. मी केली असती, तुम्ही केली असती. काकांनी दोन्ही चौकोन मोकळे ठेवले आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "गाडी उभी करताना कुलूप लावले व ओढून पाहिले. त्यानंतर मी रुग्णालयात होतो. चोरीच्या क्षणी कुलूप कोणत्या स्थितीत होते, हे मी पाहिलेले नाही."

मला हे कळलं तेव्हा मी फोनवरच ओरडले, "काका! अहो, चोरीच्या क्षणी कोण पाहतं? चोर पाहतो!" ते म्हणाले, "तेच तर लिहिलंय."

महिनाभराने पत्र आलं. दावा नामंजूर. उपकरण लावल्याची अर्जदार स्वतःच खात्री देत नाही. उपकरण बसवल्याचं प्रमाणपत्र अर्जदाराच्या नावावर नाही. सबब खोटी माहिती देऊन सूट घेतल्याचं दिसतं. खोटी माहिती! या माणसाने! मी ते पत्र चुरगळायलाच निघाले होते. काकांनी ते माझ्याकडून घेतलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "'दिसतं' असं लिहिलंय. कुणाला दिसतं, ते लिहिलेलं नाही."

कंपनीचं ऑफिस राजधानीच्या एका काचेच्या इमारतीत होतं. दाव्यांचे मॅनेजर एक गुळगुळीत दाढीचे तरुण गृहस्थ, बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. "सर, बस एक बार डिव्हाइस दिखा दीजिए."

काका म्हणाले, "वह तो गाड़ी में था."

"तो गाड़ी दिखा दीजिए."

"गाड़ी चोरी हो गई है. उसी के लिए तो आया हूँ."

"बिल्कुल सर, समझ रहा हूँ," मॅनेजर मान डोलावत म्हणाले. "लेकिन डिव्हाइस देखे बिना हम कैसे मान लें?"

मी उठलेच. टेबलावर हात आपटून मराठीत काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समजलं नसलं तरी पोहोचलं असावं, कारण दोन टेबलांपलीकडची माणसं वळून बघायला लागली. काकांनी माझ्या ओढणीचं टोक धरून मला खाली बसवलं. "वैशाली, ओरडणं कागदाला जोडता येत नाही." मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि गिअर लॉकच्या दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर एकच नंबर कोरलेला. मॅनेजरने त्यांना हातसुद्धा लावला नाही. "चाबी तो सर, बाज़ार में कोई भी बनवा लेता है."

मग कंपनीचा तपासनीस काकांच्या घरी आला. तोंडात पान मसाला, हातात दोन मोबाईल. काकूंचं त्या दिवशी डायलिसिस झालेलं, त्या आत पडून होत्या. त्याने घरभर नजर फिरवली आणि सोफ्यावर पाय पसरून म्हणाला, "अंकल, आपने हाँ लिख दिया होता तो मैं यहाँ बैठा ही न होता." मग आवाज उतरवून म्हणाला, "नया फ़ॉर्म भर देते हैं. तारीख पुरानी. ऊपर मैं देख लूँगा." काका उठले. त्याच्यासमोरचा पाण्याचा ग्लास भरला, तो पिऊन होईपर्यंत थांबले आणि दार उघडून उभे राहिले. तो गेल्यावर मी म्हटलं, "यार काका, भरायचा होता फॉर्म!" अहो, मीही म्हटलं तसं. मुलगी रोज बंगळुरूहून हेच म्हणत होती. आम्ही सगळे त्या बाजूला आणि हा एकटा माणूस या बाजूला.

काकांनी सुभेदारांना फोन लावला. फोनवर ते एवढंच म्हणाले होते की कुलपाचा काही कागद असेल तर पोस्टाने पाठवा. चौथ्या दिवशी सुभेदार मोहितेच दारात उभे. पत्र्याची ट्रंक, त्यात आईस्क्रीमच्या डब्यात कंदी पेढे. "पोस्टाचा भरवसा न्हाई सायेब. आन् तुमच्यावर खोटेपणाचा आळ, माझ्या कुलपापायी? म्या सोता बसवून घेतलंया, समोर उभं राहून." त्यांनी कुलपाचं वॉरंटी कार्ड आणलं होतं, दुकानाचा शिक्का मारलेलं. मूळ प्रमाणपत्र आणलं होतं. वर त्यांच्या नातवाचा एक फोटोही होता, ड्रायव्हरच्या सीटवर बसून, दोन्ही हातांनी कुलूप धरून हसत असलेला.

काका भिंग घेऊन खिडकीपाशी गेले. कार्डावरचा नंबर एकेक आकडा मोठ्याने वाचला, मग किल्लीवरचा वाचला. एकच! त्यांचा चेहरा असा उजळला की काकू आतून भिंत धरत बाहेर आल्या. "जुळलं," ते म्हणाले, "निर्मला, जुळलं." त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना दुसरा पेढा घेताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कंपनीत. सुभेदार कडक इस्त्रीच्या सफारीत, छाती काढून. मॅनेजरने सगळे कागद पाहिले, सुभेदारांचं प्रतिज्ञापत्र पाहिलं, फोटो पाहिला. "बहुत बढ़िया, सर. ताला लगा था, यह तो साबित हो गया." मी सुटकेचा निःश्वास टाकतेय तोच म्हणाले, "पर बेचते वक़्त इन्होंने निकाल लिया हो तो?"

सुभेदारांना समजायला क्षणभर लागला. मग ते असे उभे राहिले की खुर्ची मागे पडली. "मंग किल्ल्या ह्यांच्याकडं कशा?" रागाने मराठीतच. काकांनी त्याचं शांतपणे हिंदी करून सांगितलं. मॅनेजर हसले, "चाबी साथ दे दी होगी. ताला रख लिया होगा." म्हणजे बघा! तीस वर्षं सीमेवर उभा राहिलेला माणूस कुलूपचोर, आणि चाळीस खुर्च्यांवर बसून पाहणारा माणूस खोटारडा. आणि ज्याने न ती गाडी पाहिली, न ते कुलूप, न तो रस्ता, तो न्यायाधीश! सुभेदार त्याच संध्याकाळच्या गाडीने परत गेले. जाताना काकूंच्या पाया पडले. त्यांच्यापेक्षा काकू वयाने चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील.

काकांनी वरच्या ऑफिसला लिहिलं. विमा लोकपालांकडेही तक्रार करायचं ठरलं, मी सगळे कागद लावून दिले. पण तिथला नंबर लागेपर्यंत आणखी काही महिने जाणार होते. दरम्यान कंपनीचं नवं पत्र आलं, आणि हे पत्र आधीच्या पत्रापेक्षा सौजन्याने भरलेलं होतं. अर्जदाराचं वय आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊन कंपनी पाऊण रक्कम द्यायला तयार आहे. अट एकच. गाडीत सुरक्षा उपकरण नव्हतं आणि ते असल्याचं आपण नजरचुकीने कळवलं, असं अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहून द्यावं.

खरं लिहिलं तर काही नाही. खोटं लिहिलं तर पाऊण. मी दोनदा वाचलं, मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे. काकांनी उत्तर दिलं नाही, पत्र फाडलंही नाही. तीन आठवडे ते जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली पडून होतं.

चौथ्या आठवड्यात काकू रिक्षातून उतरताना पडल्या. डायलिसिसच्या हातावरच पडल्या. सुई काढलेल्या जागेतून रक्ताची धार लागली. रिक्षावाला घाबरून पळून गेला आणि काका गेटपाशी रस्त्यावर बसून, स्वतःच्या स्वेटरने तो हात दाबून धरून, वॉचमनला हाका मारत होते. वेळेवर माणसं धावली, वाचल्या. मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा काका भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "पालखी असती तर नसती पडली." मग विचारलं, "उद्या रजा मिळेल का तुला?"

रात्रीच काकूंना घरी सोडलं होतं. सकाळी आम्ही दोघं कंपनीत गेलो. मॅनेजरने पाणी मागवलं, स्वतःचं पेन पुढे केलं. काकांनी आपलं पेन काढलं. मी म्हटलं, "काका, थांबा, लोकपालांकडे जाऊ, मी घेते महिनाभर रजा, मी नेते काकूंना." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तू आजारी पडलीस की?" आणि लिहायला लागले. त्यांचं अक्षर मी फायलींमधून वर्षानुवर्षं पाहिलेलं, सरळ, एकसारखं. तसंच आलं. कुठे खाडाखोड नाही. गाडीत उपकरण नव्हते. सही. तारीख. मग कागद पुढे सरकवून त्यांनी विचारलं, "बस इतना ही?"

"बस इतना ही, सर," मॅनेजर खुशीत म्हणाले. "देखा, कितना सिंपल था!"

त्याच्या तोंडावर तो पाण्याचा ग्लास रिकामा करायला हवा होता मी. केला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

लिफ्टपाशी काका म्हणाले, "निर्मलाला सांगू नकोस हं, काय लिहून दिलं ते."  मी कधीच सांगितलं नाही. काकू गेल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं, म्हणून तर आज लिहितेय.

घरी पोहोचलो तर दार उघडंच होतं. काकू बँडेज बांधलेला हात छातीशी धरून उभ्या. त्यांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं हो? मानलं त्यांनी?"

काका वाकून बुटाच्या नाड्या सोडत होते. वर न बघता म्हणाले, "मानलं."

"कुलूप होतं म्हणून मानलं ना?"

"हो."

काकूंना एवढा आनंद झाला! नको नको म्हणत असताना एका हाताने शिरा केला, केळं न घालता, कारण केळं त्यांना वर्ज्य. सुभेदारांना फोन लावायला निघाल्या, काकांनी "उद्या करू" म्हणून थांबवलं. बशी त्यांच्या हातात देत काकू मला म्हणाल्या, "बघ गं वैशाली, तुम्ही सगळे ह्यांच्या मागे लागला होता, लिहा हो, लिहा हो! मी एका शब्दाने म्हटलं का? मला ठाऊक होतं, हे लिहायचे नाहीत."

काका शिरा खात होते. मान खाली घालून, चमचा चमचा, बशी स्वच्छ होईपर्यंत. मग बशी पुढे केली आणि म्हणाले, "छान झालाय. अजून थोडा दे."